आठवा खडा

माझ्या लहानपणी आमच्या इमारतीच्या गच्चीवर टीव्हीचे अँटेने होते. एकाने वर जाऊन ते फिरवायचे आणि दुसऱ्याने खालून खिडकीतून ओरडायचं, "आलं, आलं... गेलं! अरे, मागे घे!" ही विद्या पुढे कुठे उपयोगी पडेल असं तेव्हा वाटलं नव्हतं. पण पस्तिशी उलटल्यावर सिंगापूरच्या एका ओढ्यात, घोटाभर चिखलात, मी डोक्यावर तसाच अँटेना धरून उभा राहिलो. बायको कानाला हेडफोन लावून म्हणत होती, "आलं. आलं. गेलं ना! मागे घे."

आम्ही जे पकडत होतो ते मात्र चित्रहार नव्हतं. ते एक कासव होतं.

ही पुण्याहून पोस्टडॉक करायला आली होती आणि मी तिच्यामागून, आंग मो किओतल्या एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत नोकरी शोधून. राहायला बुकित पंजांगला, भाड्याच्या फ्लॅटमध्ये. खाली उतरून दहा मिनिटं चाललं की रान सुरू व्हायचं, आणि त्या रानातल्या कासवांच्या मागे हिंडणं हे हिचं काम होतं. पाठीवर छोटा ट्रान्समीटर चिकटवायचा, त्याची टिकटिक ऐकत जनावर शोधायचं, ते कुठे आहे, काय करतंय, किती सरकलं हे टिपायचं आणि त्याला हात न लावता परत यायचं. मी सुरुवातीला भरपूर चेष्टा केली. ससा हरला त्यात नवल नाही, म्हटलं, त्याला असा पगार नव्हता. ती हसली नाही. कासवाची चेष्टा केलेली तिला चालायची नाही. माझी केलेली चालायची.

या कासवांना इंग्रजीत बॉक्स टर्टल म्हणतात. मराठीत काय म्हणतात मला माहीत नाही, मी आपलं डबा-कासव म्हणायचो. इतर कासवं डोकं आत घेतात पण भोक उघडंच राहतं. याचं तसं नाही. याच्या पोटाच्या कवचाला मधोमध बिजागरी असते. भ्यालं की डोकं, पाय, शेपूट सगळं आत, आणि पुढून-मागून झाकण बंद. फट इतकी घट्ट मिटते की गवताची काडी आत जायची नाही. वर काळपट, गोल, उंच पाठ, त्यामुळे ओढ्याकाठी मिटून बसलेलं डबा-कासव आणि पाण्याने गुळगुळीत झालेला धोंडा यांतला फरक मला वर्षभरात एकदाही पहिल्या नजरेत कळला नाही. उघडलं की मात्र आतून पिवळेजर्द पट्टे ओढलेलं तोंड बाहेर येतं, हळद लावल्यासारखं. ते पहिल्यांदा पाहिलं त्या दिवशी माझी चेष्टा बंद झाली. असा दागिना अंगावर असून तो डब्यात ठेवून चिखलात बसणारं जनावर मी दुसरं पाहिलेलं नाही.

आमची लाडकी होती पाच नंबर. मादी, वयाने बरीच असावी. कवचाच्या कडा झिजलेल्या होत्या. नावं ठेवायची नाहीत हा हिचा नियम, म्हणून नुसती पाच नंबर. तिचा मुलूख केवढासा! एक ओढ्याचं वळण, त्याला लागून दलदल, आडवं पडलेलं एक झाड आणि त्यामागचा चढ. आपल्याकडच्या एखाद्या सोसायटीएवढी जागा. पण ती तिला अशी पाठ होती की बघत राहावं. पाऊस पडून गेला की दलदलीतून निघून पडलेल्या झाडाच्या वरच्या अंगाला जायची, कारण तिथे अळंबी यायची. उंबराच्या जातीचं एक झाड फळायला लागलं की चार दिवस आधीपासून त्याच्याखाली मुक्काम. तिला फळ पिकायचा वास येत असेल, की मागच्या वर्षीचं लक्षात असेल, हे हिलाही सांगता येत नव्हतं. ऊन तापलं की पालापाचोळ्यात अशी शिरायची की टिकटिक पायाखालून यायची, आम्ही श्वास धरून उभे राहायचो, आणि दिसायचं काहीच नाही. मग एक पान हलायचं.

एकदा रानडुकरांचा कळप तिच्या अंगावरून गेला. एका डुकराने नाकाने तिला ढकललं, उलटी केली, हुंगली आणि सोडून दिली. आम्ही दुरून बघत होतो. ही तिला वाचवायला पुढे निघाली होती, मग स्वतःच थांबली. जनावरांच्या भानगडीत पडायचं नाही, हाही नियमच. मला राहवत नव्हतं. बराच वेळ काही हललं नाही. मग झाकण थोडं उघडलं, मान बाहेर आली, लांब झाली, जमिनीला टेकली, आणि एका झटक्यात बाई सरळ. अंगावरची माती झटकायच्याही भानगडीत न पडता ती जिकडे निघाली होती तिकडेच निघाली. एवढं झाल्यावर मी चार लोकांना फोन करून सांगितलं असतं.

हिचा सगळ्यांत मोठा नियम मात्र वेगळा होता. जे चिकटवलं ते काढून घ्यायचं. त्या ट्रान्समीटरची बॅटरी साधारण वर्षभर टिकते. ती संपली की जनावर सापडणं जवळजवळ अशक्य. मग ते उरलेलं आयुष्य, आणि या कासवांचं आयुष्य मोठं असतं, आपल्या पाठीवर एक मेलेला डबा वागवणार, फटीत अडकणार, झुडपात गुंतणार. "माझ्या कुतूहलाचं ओझं तिने का वाहायचं?" ही म्हणायची. डिसेंबरमध्ये तिचा करार संपत होता आणि आम्ही पुण्याला परत जाणार होतो. बाकीच्या सगळ्या कासवांच्या पाठी तिने एकेक करून मोकळ्या केल्या होत्या. राहिली होती फक्त पाच नंबर, आणि तिच्या ट्रान्समीटरचे ठोके अडखळायला लागले होते. दोन टिकटिक नीट, मग एक गाळलेली.

आणि नेमकी तेव्हाच ती नाहीशी झाली.

त्या वर्षी धूर फार होता. शेजारच्या देशातली जंगलं जळायची आणि वारा तो धूर आमच्या खिडकीपर्यंत आणून सोडायचा. समोरचे ब्लॉक, म्हणजे तिथल्या उंच इमारती, दुपारीही पुसट दिसायचे. पाऊस नव्हता. दलदल वाळून तिला भेगा पडल्या, ओढ्याचं पाणी रोडावलं. पाच नंबर आपला मुलूख सोडून खालच्या अंगाला निघाली होती, सिमेंटचा मोठा नाला सुरू होतो तिकडे. इतकं आम्हाला कळलं, आणि त्यानंतर रानात टिकटिक ऐकूच येईना. ही तोंडाला मास्क लावून रोज जायची, सकाळी आणि संध्याकाळी. घरी दीड दिवसाचा गणपती होता, त्याचे मोदक तिने केले, पण त्यातला एकही खाल्ला नाही. रात्री जेवताना एकदम म्हणाली, "गाडीखाली आली असेल का रे?" मी म्हटलं, नाही. मला काय ठाऊक होतं! पण तिचा चेहरा बघून दुसरं काही म्हणणं शक्य नव्हतं.

गौरीपूजनाच्या दिवशी मी दुपारनंतर रजा टाकली आणि तिच्याबरोबर गेलो. नाल्याच्या कठड्यावर उभं राहून अँटेना फिरवला. रानाच्या दिशेला काही नाही. पाठीमागे, ब्लॉकच्या दिशेला वळवला तर बारीक, अगदी बारीक टिकटिक.

"कालही असंच येत होतं," ती म्हणाली. "तू म्हणालास, परावर्तन."

म्हणालो होतो खरा. माझा पोटापाण्याचा धंदाच तो. सिमेंटचा नाला, समोर इमारतींच्या भिंती. सिग्नल भिंतीवर आपटून उलटा येतो, म्हणून तो भलत्याच दिशेने ऐकू येतो. हे मी तिला कागदावर आकृती काढून समजावलं होतं आणि त्या आकृतीच्या भरवशावर कालपासून बरोब्बर उलट्या दिशेला शोध चालला होता. आताही मी तोंड उघडलं होतं.

"परावर्तन तर परावर्तन," ती म्हणाली, "भिंतीवर आपटतंय तर भिंतीपर्यंत जाऊन बघू." आणि चालायला लागली.

टिकटिक वाढत गेली. आम्ही रस्ता ओलांडला, खेळाच्या मैदानाला वळसा घातला, खांबांवरून जाणाऱ्या एलआरटी रेल्वेच्या रुळांखालून गेलो आणि आमच्याच ब्लॉकच्या मागच्या ब्लॉकखाली येऊन उभे राहिलो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. आता आवाज वरून येत होता. कासव गाडीखाली येईल, डुकराच्या तोंडी जाईल, हे सगळं आम्ही मनात धरलं होतं. ते लिफ्टने वर जाईल हे कुणाच्याही हिशोबात नव्हतं.

लिफ्टमध्ये भाजीची ट्रॉली घेतलेली एक चिनी मावशी होती. तिने अँटेन्याकडे, आमच्या चिखलाच्या बुटांकडे पाहिलं. "अंकल, टीव्ही स्पॉइल आह?" तिने विचारलं. मी म्हटलं, हो. कासवाचं सांगत बसलो असतो तर ती उतरलीच नसती.

आम्ही प्रत्येक मजल्यावर लिफ्ट थांबवून, बाहेर येऊन ऐकत वर गेलो. सहाव्यावर दार उघडलं आणि ही थबकली. लिफ्टच्या दारापासून कॉरिडॉरभर, लोकांच्या चपलांच्या स्टँडला चुकवत, जमिनीवर पांढऱ्या रांगोळीची इवली इवली पावलं काढलेली होती. प्रत्येक पावलावर हळदीकुंकवाची चिमूट. शेवटचं पाऊल एका उघड्या दाराशी, आंब्याच्या डहाळीच्या तोरणाखाली. टिकटिकही तिकडेच.

दारात एक आजी आल्या. नऊवारी नाही, साधीच सुती साडी, कपाळाला मोठं कुंकू, हाताला पीठ. आम्ही मराठी आहोत हे त्यांना आमच्याकडे बघूनच कळलं असावं, कारण काही विचारण्याआधीच म्हणाल्या, "या, या. गौरीच्या दर्शनाला आलात का? मुलगा-सून कामावर गेलीत हो, पण प्रसाद आहे. बसा. घावन-घाटलं केलंय."

"आजी," ही म्हणाली, "तुमच्या घरी कासव आहे का?"

आजींचा चेहरा एकदम उजळला. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

त्यांनी आम्हाला आत नेलं. टीव्हीच्या शेजारी चौरंग, त्यावर तांदळाची रास आणि राशीवर सात खडे, हळदीकुंकू वाहिलेले, लाल दोऱ्याचं वस्त्र घातलेले. त्यांच्या घराण्यात मुखवट्यांच्या गौरी नाहीत, खड्यांच्या. गौरी येतात त्या दिवशी पाणवठ्यावर जायचं, सात खडे निवडायचे आणि घरी आणायचे. रस्त्यात बोलायचं नाही, म्हणून तोंडात पाण्याची चूळ धरायची. मागे वळून बघायचं नाही.

"सिंगापुरात खडा मिळायचा म्हणजे पंचाईत हो," आजी सांगायला लागल्या. "सगळीकडे सिमेंट. सून म्हणाली, दुकानात कुंडीत घालायचे पांढरे मिळतात, आणते. मी म्हटलं, विकतची गौर नको बाई मला. मग काल पहाटे मीच गेले, त्या नाल्याच्या टोकाला जाळी आहे बघा, तिच्या पलीकडे थोडा खरा ओढा आहे. सात खडे घेतले. आठवा दिसला तो मोठा, गोल, काळा कुळकुळीत. हात लावला तर कोमट! उचलला, तर त्याच्या पाठीवर ही डबी. आता तोंडात पाणी. कुणाला विचारायचं, नि काय विचारायचं? मला वाटलं, कुणी तरी नवस बोलून, डबीत काही घालून सोडलंय. इथले लोक सोडतात ना पुण्य म्हणून. मग आपल्या पायाशी आलेली गौर टाकून यायची का? पदरात घेतली आणि आले. दारात आल्यावर झाकण उघडलं तिने आणि तोंड दाखवलं. बघते तर हळद! हळद लावून आलेली!"

बाल्कनीत पाण्याची परात होती, ती रिकामी. पाच नंबर वॉशिंग मशीनच्या मागे कोपऱ्यात बसली होती. कवचावर हळदीकुंकू, ट्रान्समीटरवरही हळदीकुंकू. पुढ्यात पपईची फोड, अर्धी खाल्लेली, आणि घावनाचा एक तुकडा, ज्याला तिने तोंड लावलं नव्हतं.

मला वाटलं, आता भडका उडणार. रानातलं जनावर उचलून घरी आणणं तिथे गुन्हा आहे आणि हिने त्यापायी परक्या लोकांशी रस्त्यात वाद घातलेले मी पाहिले होते. पण ही गुडघ्यांवर बसली, फरशीला गाल टेकवून मशीनमागे बघत राहिली आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. इतक्या दिवसांचं साठलेलं. आजी घाबरून माझ्याकडे बघायला लागल्या. मग मीच सांगितलं त्यांना. ती डबी काय आहे, ती का काढायची आहे, आणि ही मुलगी धुरातून रोज कुणाला शोधत हिंडत होती.

आजींनी पदराने हात पुसले. "म्हणजे मी माहेरवाशीण समजून दुसऱ्याच्या घरातून मुलगी उचलून आणली की गं," त्या म्हणाल्या.

ही पाच नंबरला उचलून मांडीवर घेऊन बसली. झाकण उघडेपर्यंत थांबली; घाई केली तर बिजागरीत बोट सापडतं. मग मागच्या पायाच्या पुढे, मऊ कातडीवर, दोन बोटं हलकेच दाबली. पुन्हा दाबली. आणि तिचा चेहरा बदलला.

"अंडी आहेत," ती मला म्हणाली. "दोन तरी. तयार. म्हणून ही खाली आली होती रे, नुसती पाण्यासाठी नाही. हिला आत्ताच्या आत्ता सोडायला हवं."

आज पूजन. गौर उद्या जाते. पूजनाच्या दिवशी गौरीला घराबाहेर काढल्याचं आजींनी जन्मात ऐकलं नव्हतं. त्या चौरंगाकडे बघत उभ्या राहिल्या. मग आजी म्हणाल्या, "दिवस भरलेल्या बाईला मुहूर्तासाठी अडवत नसतात. खडे उद्या जातील. हिला नेऊ या. पण दोन मिनिटं थांब. रिकाम्या ओटीने पाठवणार नाही मी तिला."

आणि त्यांनी कासवीची ओटी भरली. तांदूळ, सुपारी, हळकुंड, एक केळं, ब्लाउजपीस. ओटी घ्यायला पदर कुठून आणायचा, तर आजींनी ती हिच्या ओंजळीत घातली. "तू घे तिच्यातर्फे. तूच तिची आई दिसतेस." हिने टीशर्टाच्या घोळात ती ओटी घेतली. एरवी, गणपती सोडला तर, हे असलं काही आमच्या घरात चालत नाही. त्या दिवशी ती वाकून नमस्कारही करून मोकळी झाली.

वाटेत आजींनी हिला विचारलं, "खरं का गं, कासवी पिल्लांना नुसत्या नजरेनं वाढवते म्हणतात ते? या काठावरून त्या काठाकडे बघत?"

"नाही हो आजी," ही म्हणाली. "माती उकरते, अंडी घालते, झाकते आणि निघून जाते. वळूनसुद्धा बघत नाही. पिल्लं आपली आपण निघतात."

"मग तर तिची छाती आणखीच मोठी," आजी म्हणाल्या.

जाळीपलीकडे त्यांनी नेमकी जागा दाखवली. दोन मुळं आणि त्यांमधली ओली वाळू. विसर्जन करताना खडे जिथून उचलले तिथेच न्यायचे असतात, म्हणून त्यांनी ती खूण पक्की ठेवली होती. आमच्या हिच्याही कामात तोच कायदा आहे; पकडलं तिथेच सोडायचं, दहा पावलंही इकडेतिकडे नाही. तिने जागा बघून मान हलवली, बसली आणि पिशवीतून बारीक पकड काढली.

तेव्हा मी बोललो. मला आजही वाटतं, मी बरोबरच बोललो. "ऐक. ट्रान्समीटर आज नको काढूस. वर्षभर तुला एका गोष्टीचा पत्ता लागला नाही, ही अंडी कुठे घालतात. एकही जागा सापडलेली नाही. आता ही घालायलाच निघालीय. दोन दिवस ठेव. ती जाईल तिथे तुला कळेल. मग काढ."

हिने हेडफोन कानाला लावले. मी तिच्याकडे बघत होतो. तिला ते किती हवं होतं हे मला तिच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. झोपेत बडबडलेली ऐकली होती मी. पाच नंबर तिच्या हातात मिटून बसली होती. बराच वेळ गेला.

"तीन गाळले," ही म्हणाली. "मग दोन आले. आता परत गाळतोय." तिने हेडफोन काढले. "आज रात्री बंद पडला तर? ही कुठेही जाऊन बसेल आणि मी विमानात बसेन. नको. मला कळलं नाही तरी अंडी घातली जाणारच आहेत ना?"

मग तिने पकडीने चिकटवलेलं तोडायला सुरुवात केली. एकेक कपचा, कवचाला ओरखडा न देता. हळदीकुंकवाने माखलेली ती डबी शेवटी सुटून तिच्या तळहातावर पडली. खालचं कवच थोडं फिकं राहिलं होतं, घड्याळ काढल्यावर मनगट राहतं तसं. तिने त्यावरून अंगठा फिरवला, कासवीला दोन मुळांमधल्या वाळूवर ठेवली आणि उठली.

"चला," आजी म्हणाल्या. "आता मागे वळून बघायचं नाही."

तो नियम गौर आणतानाचा. पाठवतानाही तो लागू असतो की नाही मला माहीत नाही. आजींनी तो त्या दिवशी लावला. आणि वर्षभर त्या कासवीच्या मागे जिने डोळे लावले, ती माझी बायको खरोखर एकदाही मागे न बघता जाळीपर्यंत चालत गेली. तिची पाठ ताठ होती. मी तिच्या मागून चाललो होतो. मला तिचं कौतुक वाटलं, कासवीचं वाटायचं तितकंच, आणि ते मी तिथल्या तिथे सांगायला हवं होतं, पण आजी होत्या म्हणून राहिलं.

दुसऱ्या दिवशी आजींनी सात खडे त्याच जागी नेऊन ठेवले. ट्रान्समीटर आमच्या खिडकीत पडून होता. रिसीव्हर लावला की अजूनही ऐकू यायचा. चार दिवसांनी बंद पडला. पाऊस आला, धूर गेला. हिने अहवाल लिहिला. अंडी घालण्याच्या जागांबद्दल त्यात एक प्रामाणिक ओळ होती, माहिती मिळू शकली नाही अशी. डिसेंबरात आम्ही सामान बांधलं. ओटीतलं हळकुंड तिने पर्समध्ये ठेवलेलं मी पाहिलं, पण चेष्टा केली नाही.

विमान सुटल्यावर, खाली दिवे बारीक व्हायला लागल्यावर ती खिडकीकडे तोंड करूनच म्हणाली, "तू बघितलं होतंस ना मागे वळून?"

मी सीटचा पट्टा उगीच घट्ट केला.

"मला माहितेय, बघितलंस. तुझ्या बुटांचा आवाज थांबला होता. मी इतके दिवस विचारलं नाही, म्हटलं, उगीच अहवालात घालायचा मोह होईल." आणि मग, लहान आवाजात, "कुठे गेली रे?"

वर्षभरातलं सगळं तिने बघितलेलं, तिने टिपलेलं. एवढं एकच मी बघितलेलं होतं, आणि ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.

"पाण्याकडे नाही गेली," मी म्हणालो. "झाकण उघडलं, जरा थांबली, आणि उलटी वळली. चढावर. ती मुळं ओलांडून वर, ऊन येतं ना त्या मातीकडे. मी बघेपर्यंत पुढचे पाय वर पोचले होते."

तिने माझा हात ओढून मांडीवर घेतला.

"ओल्या वाळूत घालत नाहीत," ती म्हणाली. "कोरडी माती लागते. म्हणजे पोचली."